वर्गात मास्तर, वर्गाबाहेर अंगठाछाप

प्रश्न : चीनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या गोऱ्या मास्तरांचे व्हिडिओ आमच्याकडे रात्री जेवताना हमखास लागतात. कुणी भाजी आणायला जातो आणि फजिती करून घेतो, कुणी केस कापायला बसतो आणि टक्कल करून बाहेर येतो. रोज असं काही घडतं, की सगळं कॅमेऱ्यापुरतं? तुम्ही तिथे दोन वर्षं शिकवलंत म्हणून विचारते. जास्त त्रास कशाचा, भाषेचा की जेवणाचा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : टकलाबद्दल सांगू शकत नाही, माझं मी इथूनच घेऊन गेलो होतो. बाकीचं बरंच खरं आहे. फक्त तीन महिन्यांत घडलेलं तीन मिनिटांत कोंबलेलं असतं. मी नैर्ऋत्य चीनमधल्या एका विद्यापीठात हिंदी शिकवत होतो. (हो, मराठी माणूस, चिनी पोरांना, हिंदी. यावर जे बोलायचं ते आमच्या घरात बोलून झालेलं आहे.) सकाळी आठचा तास, पंचेचाळीस मिनिटं, दहा मिनिटं सुट्टी, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. बहुतेक दिवस आपल्या कुठल्याही कॉलेजात जातात तसेच जायचे.

आता तुमचा भाषा की जेवण हा सवाल. बोलता न येणं माणसाला सोसतं. हातवारे असतात, हसू असतं, फोनमधलं भाषांतराचं ॲप असतं. माझा जीव काढला तो वाचता न येण्यानं. आपण शिकलेली माणसं दिवसभर किती वाचत असतो, याचा आपल्याला पत्ताच नसतो. दुकानाची पाटी, औषधाची पट्टी, लिफ्टमधली सूचना, दारावरचं ‘ढकला’ आणि ‘ओढा’. तिथे हे सगळं एका झटक्यात गेलं. वर्गात फळ्यापुढे उभा राहून मी कर्मणी प्रयोग समजावून सांगायचो आणि वर्गातून बाहेर पडलो की पुरुषांचं स्वच्छतागृह कुठलं हे विद्यार्थ्याला विचारायचो.

पहिल्या आठवड्यातला धुलाई यंत्राचा प्रसंग सांगतो. नऊ बटणं, प्रत्येकावर दोन-तीन अक्षरं. फोनचा कॅमेरा धरला तर ॲप म्हणालं, ‘एकेरी निर्जलीकरण’. शेजारच्या बटणावर, ‘पोराला कुलूप’. पहिलं म्हणजे नुसते कपडे पिळणे आणि दुसरं म्हणजे लहान मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून केलेली सोय, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी बाथरूममध्ये बादलीत सदरे घुसळत होतो. त्याच आठवड्यात मीठ म्हणून आणलेली पिशवी अजिनोमोटोची निघाली. बेसन घरून नेलेलं, हौसेनं पिठलं केलेलं. चव अशी काही लागली की वर्णन करायला दोन्ही भाषा अपुऱ्या. त्यानंतर मी जी चिनी अक्षरं शिकलो त्यांत माझ्या नावाआधी ‘मीठ’ होतं.

बोलण्याचीही एक गंमत आहेच. चिनी भाषेत सुराला फार किंमत. आपणही ‘हो’ हा एकच शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणतो. सासूबाईंना म्हटलेला ‘हो’ वेगळा आणि ‘हो? खरंच?’मधला वेगळा. पण आपल्याकडे सूर बदलला की मन कळतं, तिकडे सूर बदलला की शब्दच दुसरा होतो. ‘माय’ खाली जाऊन वर आणला की विकत घेणे, वरून खाली आपटला की विकणे. मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजींना आठवडाभर रोज सांगत होतो की मला टोमॅटो विकायचे आहेत. सहाव्या दिवशी त्यांनी माझी रिकामी पिशवी उघडून आत डोकावून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. शेजारचा मासेवाला खो-खो हसत सुटला. भाव काय लावणार, असं त्यांनी विचारलं होतं.

ह्याच आजींनी एकदा वांग्यांचा भाव सांगताना अंगठा आणि करंगळी ताणून मला दाखवली. आपल्याकडे ह्या खुणेचा अर्थ काय होतो ते मिरजेच्या माणसाला सांगायला नको. भर सकाळी, सत्तरीची बाई! मी गडबडीनं ‘नाही नाही’ केलं. त्यांना वाटलं मी घासाघीस करतोय. ती खूण म्हणजे सहा. चिनी लोक एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरली की आठ. मी आधी दोन समजून कितीदा कमी पैसे दिले असतील, देव जाणे.

पैसे म्हणजे तरी काय, फोन. भाजीवाली, चांभार, रताळी भाजणारा, सगळ्यांकडे चौकोनी कोडची छापील पट्टी, ‘वीचॅट’ नाहीतर ‘अलीपे’. आपल्यालाही आता हे नवं नाही, पण तिथे नोट काढली तर सुटे शोधायला दुकानदार शेजाऱ्याकडे जातो. फोनची बॅटरी संपली की खिशात पैसे असून माणूस उपाशी.

जेवणाचं म्हणाल तर मी शाकाहारी असूनही टिकलो. ‘वो च्र सू’, मी शाकाहारी आहे, हे पहिल्या दिवशी पाठ केलं. त्यावरही खिम्याचे कण भुरभुरलेलं टोफू समोर येतं, कारण एवढंसं मांस स्वयंपाक्याच्या लेखी मांस नव्हे, ती फोडणी. पण बटाट्याचे काडीसारखे लांब तुकडे, सुकी मिरची आणि व्हिनेगर घालून मोठ्या आचेवर परततात, तो पदार्थ कुठल्याही खानावळीत मिळतो. आपल्या काचऱ्यांचा चुलतभाऊ. शिवाय टोमॅटो-अंडं, वांगं-बटाटा-ढोबळी मिरची. आणि प्यायला गरम पाणी. प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ, प्रत्येकाच्या हातात थर्मास. डोकं दुखलं, पोट बिघडलं, प्रेमभंग झाला, सगळ्यावर एकच सल्ला : गरम पाणी पी. हिवाळ्यात त्याचा खरा अर्थ कळतो. उत्तरेकडे, बीजिंगला वगैरे, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत सरकारी नळांतून खोल्या उबदार ठेवतात. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी ह्यांच्या रेषेच्या दक्षिणेला ती सोय नाही. आमचा वर्ग रेषेच्या दक्षिणेला. मी कानटोपी घालून कबीर शिकवला आहे.

कॅमेऱ्यात न येणारं साहस एकच, आयत्या वेळी मिळणारी खबर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते. मात्र त्यातले काही दिवस आगेमागे शनिवार-रविवारी काम करून भरून द्यायचे. ह्याला थ्याओश्यू म्हणतात. रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. वर्गाची मॉनिटर, तिकडच्या शब्दात बानझांग, अतिशय अदबीनं म्हणाली, “सर, तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, रविवार आहे. ती म्हणाली, “हो सर, पण आज शुक्रवार आहे.” सूचना आदल्या रात्री ग्रुपवर चिनीत आली होती आणि मी तिला अंगठा दाखवून झोपलो होतो. मॉनिटर हे तिकडे शोभेचं पद नाही. परदेशी मास्तराचा संसार तीच चालवते.

जाता जाता, गर्दी जमण्याबद्दल. अमेरिकन लेखक पीटर हेसलर १९९६ ते १९९८ यांगत्सेकाठच्या फूलिंगला शिकवत होता. मोहरीवर्गातल्या भाजीच्या खोडाच्या लोणच्यासाठी नावाजलेलं गाव. त्यावरचं त्याचं ‘रिव्हर टाउन’ २००१ साली आलं, जरूर वाचा. त्याच्या वेळी परदेशी माणूस दिसला की रस्त्यात घोळका व्हायचा. आता मोठ्या शहरात कुणी ढुंकून बघत नाही. एखादं पोर ‘लाओवाय!’ (परदेशी!) म्हणून बोट दाखवतं आणि आईचा चिमटा खातं, एवढंच. मला तर आमच्या फाटकावरचा पहारेकरी थेट ‘दंगल’वरून ओळखायचा. तो सिनेमा तिथे २०१७ मध्ये ‘चला कुस्ती खेळू, बाबा’ अशा अर्थाच्या नावानं धो-धो चालला. कुस्ती येते का, असं त्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं. माझी तब्येत बघूनही.

प्रश्न : तिथली मुलं खरंच आपल्या मुलांपेक्षा अभ्यासू असतात का? की आम्हा शिक्षकांना टोमणे मारायला हे सांगितलं जातं?
– माध्यमिक शिक्षक, लातूर

उत्तर : दोन्ही. बसतात जास्त, हे नक्की. ओळखीच्या एका शिक्षिकेच्या माध्यमिक शाळेत मी दिवस काढला आहे. वर्गात पन्नासेक मुलं, बाकावर पुस्तकांची तटबंदी आणि तिच्या आड डुलक्या. संध्याकाळी जेवून पुन्हा वर्गात स्वाध्याय. पण दोन गोष्टी मला आवडल्या. एक, दुपारची झोप. जेवणानंतर अख्खा वर्ग बाकावर डोकं टेकून गाढ झोपतो आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. दुसरी, डोळ्यांचा व्यायाम. ध्वनिक्षेपकावर संगीत आणि आकडे सुरू होतात, मुलं डोळे मिटून भुवया, नाकाचं मूळ, कानशिलं चोळतात. १९६० च्या दशकापासून हे चालत आलंय. चष्मे कमी झालेत असं मात्र दिसलं नाही.

ह्या सगळ्याचा रोख ७ जूनला सुरू होणाऱ्या गावखाव ह्या प्रवेशपरीक्षेवर. केंद्राजवळची बांधकामं थांबतात, गाड्यांना हॉर्न मना असतो, आणि काही आया लाल छीपाव, म्हणजे तिकडचा पारंपरिक झगा, घालून फाटकाशी उभ्या राहतात. ‘छी’ म्हणजे झेंडाही, म्हणून विजयाचा शकुन. लातूरकरांना यातलं काय नवं वाटेल, तुम्हीच सांगा.

परीक्षा पार करून माझ्यासमोर आलेली मुलं वर्गात मौनव्रत धरून बसायची. प्रश्न विचारला की तीस माना खाली. मला वाटलं, आपलं शिकवणं पार वाया. मग रात्री पावणेअकराला, होस्टेलचे दिवे जायच्या आधी, त्याच मुलांचे फोनवर सहा-सहा प्रश्न यायचे. ‘मैंने’ कधी आणि ‘मैं’ कधी? चारचौघांत चुकण्यापेक्षा अंधारात विचारलेलं बरं. तेव्हापासून मी वर्गात प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायला लागलो.

प्रश्न : माझं बी.एड. झालं आहे, इंग्रजी उत्तम आहे. मला तिथे नोकरी मिळेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इंग्रजी शिकवायची म्हणाल तर कठीण. ती तुमची मातृभाषा असावी असा नियम आहे आणि तो तुमचा उच्चार ऐकून नव्हे, पासपोर्ट बघून लावतात. गणित-विज्ञानाला आंतरराष्ट्रीय शाळांत वाव आहे. जुलै २०२१ मध्ये सरकारनं शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं घातली, तेव्हापासून क्लासवाल्यांकडच्या नोकऱ्या आटल्या. काम करायला झेड व्हिसाच हवा. ‘पर्यटक म्हणून या, पुढचं आम्ही बघू’ म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि निरोप द्या. गेलात तर चोवीस तासांत पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद करायची, विसरू नका.

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव तिथे अजून कुणाला ठाऊक आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : उत्तरेकडे, हपै प्रांतात, आहे. शीज्याज्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची कबर आहे, कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांचीही तिथेच. १९३८ मध्ये चीनच्या मदतीला मुंबईहून निघालेल्या पाच डॉक्टरांपैकी कोटणीस एक, नागपूरचे डॉ. चोळकर दुसरे. कोटणीस नुसते शस्त्रक्रिया करत नव्हते. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यक शाळेत शिकवतही होते, म्हणजे तेही परदेशी मास्तरच. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय अवघं बत्तीस. मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन.

माझ्या विद्यार्थ्यांना बेथ्यून पक्के ठाऊक होते, कारण त्यांच्यावरचा माओचा लेख शाळेत असतो. कोटणीसांच्या नावावर निम्मा वर्ग गप्प. म्हणून ९ डिसेंबरला मी त्यांचं चिनी नाव, ख दीह्वा, फळ्यावर लिहायचं ठरवलं. पाचही डॉक्टरांच्या नावांच्या शेवटी चीनचा तो ‘ह्वा’ जोडलेला आहे. तीन अक्षरं, आठवडाभर वहीत घोटलेली. लिहून वळलो तर पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात वर. वर्षभरात वर्गात हात वर करायची तिची ही पहिलीच वेळ. म्हणाली, “सर, शेवटच्या अक्षरात खालची फुली चुकली. आधी आडवी रेघ, मग उभी.”

मी पुसून पुन्हा लिहिलं. आधी आडवी, मग उभी.