पाहुण्यांना गाव दाखवणं हेसुद्धा काम आहे



आमचा गट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला. कुणी कारखान्यात पॅकिंगला, कुणी डबे करून देतात, कुणी शिलाईकाम करतात. पण माहेर-सासर बहुतेकींचं कोकणात. मागच्या हिवाळ्यात आम्ही अकरा जणी वेंगुर्ल्याला फिरायला गेलो होतो. परत आल्यावर गटाच्या बैठकीत खर्चाचा हिशेब मांडला आणि त्यातूनच हा पाठ निघाला.

आमचे पैसे कुठे गेले?

ठाण्याहून रात्रीच्या गाडीने कुडाळ, तिथून पुढे वेंगुर्ला. माणशी साधारण दोन हजार, म्हणजे अकरा जणींचे बावीस हजार खर्च झाले. रेल्वे, भाड्याची गाडी, राहायची खोली, जेवण, बाजारातली काजू-कोकमाची खरेदी, सगळं वहीत लिहिलेलं होतं.

आम्हाला डच वखार बघायची होती. वाट सापडेना, तेव्हा एका घरापुढे विचारलं. घरातल्या वहिनींनी आधी पाणी दिलं, "खंयसून इलात?" विचारलं आणि हातातलं काम टाकून आमच्याबरोबर निघाल्या. वाटेत कुठली विहीर जुनी, कुठल्या गल्लीतून समुद्रावर लवकर पोचतो, कुठल्या झाडाचा पाला कशाला चालतो, सगळं सांगत होत्या. अर्धा-पाऊण तास त्यांचा गेला. निघताना आमच्यातली एक पैसे देऊ लागली तर म्हणाल्या, "वाट तर दाखयलंय, पैशे कित्याक?"

बावीस हजारांच्या हिशेबात त्या वहिनींच्या नावापुढे शून्य होतं. आणि सहलीतलं आम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्यांनी सांगितलेलंच.

वखार कसली?

हॉलंडच्या लोकांना आज आपण डच म्हणतो. जुन्या मराठी कागदपत्रांत त्यांना वलंदेज म्हटलेलं आहे. १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने त्यांच्या व्यापारी कंपनीने वेंगुर्ल्यात वखार घातली. वखार म्हणजे माल साठवायची आणि सौदे करायची जागा. गोव्याला पोर्तुगीज होते. डचांची जहाजं त्यांची समुद्रात नाकेबंदी करत आणि त्या जहाजांना धान्य-पाणी पुरवायला वेंगुर्ला जवळ पडे. आज ही इमारत पडझडीला आलेली आहे. लांबून बघावी, भिंतींखाली उभं राहू नये.

वेंगुर्ल्याचं नाव आपल्या शेतांतही आहे. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती इथल्या फळ संशोधन केंद्रातल्या. रोपवाटिकेतून ती रोपं तुमच्यापैकी कितीजणींनी आणली असतील.

त्याच गावात दुसरं चित्र

दुसऱ्या दिवशी मांडवी खाडीत गेलो. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, कांदळाच्या जाती ओळखायला शिकवतात, पक्षी दाखवतात. त्याचं तिकीट आहे. आम्ही ते आनंदाने दिलं, कुणी घासाघीस केली नाही.

आता बघा, वहिनींनी जे केलं आणि या बायका जे करतात, त्यात फरक किती? दोघींनी गावच दाखवलं. पण खाडीतल्या बायकांनी ते काम म्हणून ठरवलं, शिकून घेतलं, दर लावला. पाहुणचार सोडा असं मी म्हणत नाही. पाणी फुकटच द्यायचं. पण दोन तास बरोबर चालणं, माहिती सांगणं, सांभाळून नेणं ही मजुरी आहे.

आपल्या गावाची फेरी कशी आखायची?

१. आधी आपण चालायचं. गटातल्या तिघी-चौघींनी घड्याळ आणि वही घेऊन गाव फिरावं. अडीच-तीन किलोमीटरची वाट पुरे, थांबत थांबत दोन तास लागतात. सकाळी सातला निघून ऊन चढायच्या आत परत यायचं. सावली कुठे, बसायला पार कुठे, स्वच्छ संडास कुणाकडे, कुत्री कुठे अंगावर येतात, हे लिहा. संडासची सोय नसेल तर फेरी सुरूच करू नका.

२. खरं तेवढंच सांगायचं. प्रत्येक थांब्याला तीन गोष्टी पुरतात: हे काय आहे, केव्हाचं आहे, आज त्याचं काय होतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. दंतकथा जरूर सांगा, पण "असं म्हणतात" हे शब्द आधी लावा. साल माहीत नसेल तर ठोकून देऊ नका. पाहुण्यांना एक गोष्ट खोटी निघालेली कळली, की बाकीच्या नऊ खऱ्यांवरही विश्वास बसत नाही.

३. फाट्यांना नंबर द्या. नेदरलँड्समध्ये आणि शेजारच्या बेल्जियममध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्यावर नंबराची पाटी असते. माणूस कागदावर चार-पाच नंबर लिहून घेतो आणि त्या क्रमाने सायकल मारतो. आम्हाला हे लगेच पटलं, कारण वागळे इस्टेटमध्ये पत्ते असेच चालतात. रोड नंबर १६, रोड नंबर २२ सांगितलं की नवा माणूससुद्धा पोचतो. तुमच्या गावात ग्रामपंचायतीला विचारून लाकडी फळीवर रंगाने नंबर घाला आणि हाताने काढलेला नकाशा झेरॉक्स करून द्या. वाटाडी सोबत असली तरी नकाशा घरी नेता येतो, आणि तो बघून दुसरे पाहुणे येतात.

४. सायकलची फेरी नंतर. नेदरलँड्सची लोकसंख्या साधारण पावणेदोन-दोन कोटी आणि सायकली त्याहून जास्त. पण तो देश सपाट, शिवाय सायकलला वेगळी वाट. आपल्याकडे चढ-उतार आणि एसटी, डंपर त्याच रस्त्याला. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली करत शिरोड्याला जाणारा रस्ता सायकलला सुरेख आहे. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला आणि वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिक्षक होते. पण एका बाजूलाच पंधरा-वीस किलोमीटर पडतात. ब्रेक तपासलेल्या सायकली, पंक्चरचं सामान आणि मागून एक गाडी एवढं जमलं तरच करावं. पहिलं वर्ष पायीच फिरवा.

५. कुठे नेणार नाही ते ठरवा. नेदरलँड्समध्ये गीटहोर्न नावाचं जुनं गाव आहे. जुन्या भागात रस्त्यांऐवजी कालवे आणि लाकडी पूल. तीन हजारांच्या आत वस्ती आणि वर्षाला लाखो पाहुणे! लोकांच्या अंगणात परके शिरतात. आपल्याकडे हे आधीच थांबवायचं. कुणाचं अंगण, पाणवठा, देवळाचा गाभारा, बायकांचे फोटो, यासाठी विचारल्याशिवाय नाही. एका गटात दहापेक्षा जास्त माणसं नकोत. जुन्या वास्तूजवळ टपरी टाकण्याआधी पुरातत्त्व विभागाची परवानगी बघा.

हिशेब (नमुन्यासाठी, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला)

पाहुणे ८
फेरीचा दर माणशी १५० रुपये: १,२००
नाश्ता-चहा माणशी ८० रुपये: ६४०
एकूण जमा: १,८४०

दोन वाटाड्यांची मजुरी, प्रत्येकी ४००: ८००
नाश्त्याचं सामान: ३२०
संडास-सफाई: १००
एकूण खर्च: १,२२०

गटाकडे शिल्लक: ६२०

मजुरी खर्चात आधी धरली आहे, हे लक्षात घ्या. आपण बहुतेकदा सामानाचे पैसे धरतो आणि आपल्या वेळेचे विसरतो. मग धंदा नफ्यात दिसतो आणि बाई मात्र फुकट राबलेली असते. नाश्ता करणारी वेगळी असेल तर तिचीही मजुरी मांडा. शिल्लक कमी झाली तर दर वाढवा, तिची मजुरी कापू नका.

पहिले पाहुणे कोण?

आम्हीच! तुमच्या गावचे चाकरमानी ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात आहेत. गणपतीला, शिमग्याला ते येतातच. त्यांच्या शहरात वाढलेल्या मुलांना आपलंच गाव माहीत नसतं. पहिली फेरी त्यांना घेऊन करा. चुकलं तर घरची माणसं सांभाळून घेतील. पैसे मात्र त्यांच्याकडूनही घ्या.

आम्ही येत्या हिवाळ्यात पुन्हा वेंगुर्ल्याला जाणार आहोत. त्या वहिनींकडे जाऊन आधी दर विचारायचा, मगच चालायला लागायचं, असं बैठकीत ठरलं आहे.

बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या गावात दोन तासांत दाखवण्यासारखे पाच थांबे कोणते?
२. त्यांतल्या कुठल्या थांब्याची माहिती आपल्याला पक्की आहे, कुठली विचारून घ्यावी लागेल?
३. मागच्या वर्षी आपण कुणाकुणाला फुकट गाव दाखवलं? किती तास गेले?
४. आपल्या गटातली चांगली बोलणारी आणि चांगली चालणारी कोण?