चेंडू देणारा खेळाडू

हेतू : खेळाच्या उदाहरणाने सहकार्याचे मोल मुलांस पटवून देणे.

बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेऊन संघाचा डाव मांडणाऱ्या खेळाडूस पॉइंट गार्ड म्हणतात. त्याने दिलेल्या चेंडूवर सोबत्याने लगेच बास्केट केली, तर त्याच्या नावे एक ‘असिस्ट’ मांडला जातो.

अमेरिकेतील जॉन स्टॉक्टन (जन्म १९६२) याची उंची सहा फूट एक इंच. या खेळात तो ठेंगणाच. १९८४ साली यूटा जॅझ संघाने त्यास निवडले. त्याच संघातून तो १९ हंगाम खेळला व त्या अवधीत अवघ्या २२ साखळी सामन्यांस मुकला. २००३ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याचे असिस्ट १५,८०६ भरले. तोवर इतके कोणाचेच नव्हते. १९९७ व १९९८ साली संघ अंतिम फेरीत हरला. विजेतेपद त्यास कधीच लाभले नाही. तथापि २००९ साली ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यास मानाचे स्थान मिळाले.

सूचना : शाळेत गुण मिळविणाऱ्याची वाहवा होते, चेंडू देणारा विसरला जातो. भिंतीवर वर्तुळ आखूनही हा खेळ घेता येईल. शिक्षकांनी असिस्टचीही नोंद ठेवून ती वर्गात वाचावी. गडी निवडताना जो मुलगा नेहमी शेवटी उरतो, त्याचे नाव कदाचित त्या यादीत प्रथम येईल.