पुराव्याचे वजन

धान्याच्या पेठेत प्रत्येक मालाला तराजू आहे. परंतु ऐकलेल्या बातमीवर किती भरवसा ठेवावा, हे आम्ही व्यापारी केवळ अंदाजाने ठरवीत आलो. वस्तुतः पुराव्यालाही वजन असते व ते मोजता येते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन आरमाराचे सांकेतिक संदेश उलगडताना अ‍ॅलन ट्यूरिंग ह्या गणितज्ञाने पुराव्याचे एकक योजिले. त्या कामाचे कागद बॅनबरी गावी छापले जात, म्हणून त्यास ‘बॅन’ हे नाव पडले. पुराव्याने एका बाजूचा संभव दहापट वाढला की तो १ बॅन. त्याचा दहावा हिस्सा डेसिबॅन. ट्यूरिंग यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी १९५० साली पुराव्याच्या वजनावर ग्रंथही लिहिला.

हा हिशेब आपल्या वखारीत मांडून पाहू. समजा, ११ खेपांत एक खराब निघते. म्हणजे खराबीच्या बाजूने आरंभीच उणे १० डेसिबॅन. खराब खेपेत निम्मी पोती ओली असतात, चांगल्या खेपेत विसांत एक. तेव्हा ओल्या पोत्याचे वजन अधिक १०, कोरड्याचे सुमारे उणे ३. सहज उचललेले एक पोते ओले निघाले की पारडी समान होतात. दुसरेही ओले निघाले की खराबीचा संभव दहास एक होतो. लॉगॅरिथममुळे गुणाकाराची बेरीज होते, हेच ह्यातील मर्म.

मात्र प्रत्येक नमुना स्वतंत्र हवा. त्याच पोत्यात पुन्हा हात घातल्याने वजन वाढत नाही.

ही अट न जाणल्यामुळे आम्ही एकदा बुडालो. हरभऱ्याचे पीक गेल्याची पत्रे तीन गावांहून आली. तिघांचे म्हणणे एक, म्हणून आम्ही चढ्या भावाने माल भरला. पीक उत्तम आले, भाव उतरला आणि कन्येच्या विवाहासाठी राखलेली रक्कम त्यात गेली. विवाह वर्षभर लांबला. पुढे कळले की, तिन्ही पत्रांमागे एकच दलाल होता. तो खोटेही बोलला नव्हता. त्याने एक बुडालेले शेत पाहिले होते. एका शेताला आम्ही तीनदा तोलले होते.

तेव्हापासून बातमी घेऊन कोणी पेढीवर आला की आम्ही भाव विचारण्याआधी विचारतो, “आपणांस हे कोणी सांगितले?” तरुण बंधूंनीही हाच प्रश्न प्रथम विचारावा.