एलीचे पुत्र, शमुवेलाचे पुत्र आणि आपले पुत्र

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१२–२९, ३:११–१४, ८:१–५, २ तीमथ्य १:५, ३:१५.

घरात पुत्र जन्मला म्हणजे आपण आनंद करितो, पेढे वाटतो, आणि मंडळीत त्याच्यासाठी प्रार्थना होते. हे योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती घरात जन्म झाल्याने कोणी ख्रिस्ती शीलाचा होत नाही. पाळणा देवमंदिराच्या दाराशी बांधला तरी शील आपोआप येत नाही, हे एली याजकाच्या घराने दाखविले आहे.

१. एलीचा दोष. हफनी व फिनहास हे याजकाचे पुत्र. शिलो येथील पवित्रस्थानाची सेवा त्यांजकडे होती. तरी लोक यज्ञ करण्यास येत, तेव्हा चरबीचा होम होण्यापूर्वीच त्यांचा चाकर कच्चे मांस मागे, व न दिल्यास बळजबरीने घेई. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशीही त्यांनी दुर्वर्तन केले. एली त्यांस बोलला, परंतु फार म्हातारा झाल्यावर, व नुसत्या शब्दांनी. ठाऊक असूनही त्याने पुत्रांस आवरले नाही, हा दोष देवाने त्याजवर ठेविला. देवापेक्षा पुत्रांचा मान अधिक केला, आणि अर्पणांच्या उत्तम भागावर घर पुष्ट केले, असेही त्यास बजाविण्यात आले. शेवटी दोघे पुत्र एकाच दिवशी पडले, कराराचा कोश पलिष्ट्यांनी नेला, आणि ९८ वर्षांचा एली ते ऐकून आसनावरून पडून मेला.

आता आपल्या घरी पाहू. मुलगा शेजाऱ्याच्या शेतातून कणसे आणतो, आणि आपण हसून ती भाजून खातो. बहीण पाणी भरते, आई मागाहून जेवते, आणि मुलाने स्वतःचे ताटही उचलू नये असे आपण त्यास शिकवितो. मग मोठेपणी त्याने परधन टाळावे व स्त्रियांस मान द्यावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

२. शमुवेलाचे दुःख. एलीच्या घराविषयीचा देवाचा शब्द शमुवेलाने बालपणीच ऐकला होता. तरी त्याचे पुत्र योएल व अबीया हे बैर-शेबा येथे न्यायाधीश असता लाच घेऊ लागले. शमुवेल दरवर्षी बेथेल, गिलगाल व मिस्पा येथे फिरून न्याय करी. त्याने पुत्रांकडे दुर्लक्ष केले असे शास्त्र म्हणत नाही, म्हणून आम्हीही म्हणत नाही. ज्या भक्तिमान आईबापांचे पुत्र बहकले, त्यांस कोणी टोचून बोलू नये. तथापि आम्ही जे उपदेशक गावोगाव फिरतो, त्यांनी हा वृत्तांत गुडघे टेकून वाचावा. परक्याच्या अंगणात आम्ही रात्री उशिरापर्यंत सुवार्ता सांगतो. पण आपल्या मुलाजवळ बसून कधी बोलतो?

३. तीमथ्याचे घर. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. पौल त्याच्या विश्वासाची आठवण करितो तेव्हा आजी लोईस व आई युनीके यांचीच नावे घेतो. बालपणापासून तीमथ्यास पवित्र शास्त्राची माहिती होती. म्हणून ज्या घरी बाप प्रार्थनेस बसत नाही, तेथील आईने अथवा आजीने निराश होऊ नये.

४. आचरण. पहिले, निजताना व उठताना मुलासह शास्त्र वाचावे; वाचता येत नसेल तर तोंडपाठ वचन म्हणावे. दुसरे, चोरून आणलेली वस्तू मुलाच्याच हातून परत करवावी, व बापाने त्याच्याबरोबर जावे. तिसरे, घरातील काम मुलगा व मुलगी यांस सारखे वाटून द्यावे. चौथे, शिक्षा रागाच्या भरात करू नये. मुलांस चिडीस आणू नका, असे पौल बापांस सांगतो (इफिस ६:४). पाचवे, आपली चूक झाली असता मुलासमोर कबूल करावी. ख्रिस्ताची क्षमा बापासही लागते, हे ज्याने घरी पाहिले, तो मुलगा पुढे पाप लपविण्यास सहसा शिकत नाही.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न : एलीने काय केले, आणि काय केले नाही? आपण मुलाच्या कोणत्या दोषावर हसतो? या आठवड्यात त्याच्याबरोबर प्रार्थनेस किती वेळा बसलो?

वासरू लहान आहे तोवरच दावे लावावे लागते, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. प्रभू आपणांस ते दावे प्रीतीने धरण्याची बुद्धी देवो.