पेपर काढण्याआधी उत्तर लिही

घटक चाचणीचा इतिहासाचा पेपर यंदा तुझ्याकडे आलाय, असं ताई फोनवर म्हणाली. आठवीचा वर्ग, नवी नोकरी आणि मोठ्या उत्तरांचे प्रश्न काढायचे म्हटल्यावर धाकधूक होणारच. आमच्या मोठ्या बाईंनी मला स्टाफरूममध्ये बसवून जे सांगितलं आणि पुढे शिकवताना ज्याचा पदोपदी उपयोग झाला, ते तुला सांगते. मावशीचं म्हणून नको, पटलं तर घे.

मोठ्या बाईंचा पहिला नियम असा, की प्रश्न लिहिला की त्याचं उत्तर आपण स्वतः लिहून काढायचं. कागदावर, घड्याळ समोर ठेवून, पुस्तक मिटून. तुला जेवढी मिनिटं लागतील त्याच्या तिप्पट मुलांना लागतील असं धर. हे केलंस की निम्मे प्रश्न तूच खोडशील. काही प्रश्नांचं उत्तर दोन ओळींत संपतं आणि आपण त्याला पाच गुण ठेवलेले असतात. काहींचं उत्तर दोन पानांतही मावत नाही आणि आपण दहा मिनिटं दिलेली असतात.

मोठं उत्तर कशासाठी मागायचं, हे आधी मनाशी पक्कं कर. सनावळ्या, नावं, जोड्या लावा यांसाठी एका वाक्यात उत्तरे द्या, रिकाम्या जागा भरा हे प्रकार आहेत आणि ते त्या कामाला उत्तम आहेत. मुलाला दोन गोष्टींचा संबंध लावता येतो का, बाजू घेऊन ती पुराव्यानं मांडता येते का, हे मात्र त्याच्या सलग लिहिण्यातूनच कळतं. तेवढ्यासाठीच मोठा प्रश्न घाल.

तुझ्याच धड्यातलं उदाहरण घेऊ. ‘१८५७ च्या लढ्याची कारणे लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षं येतोय. गाईडमध्ये राजकीय, सामाजिक, आर्थिक, लष्करी असे चार मथळे असतात, मुलं ते पाठ करतात आणि उतरवतात. त्यातून कळतं ते पाठांतर. त्याऐवजी असं विचार: ‘काडतुसांचे प्रकरण घडले नसते, तर १८५७ चा लढा झालाच नसता. या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? आपल्या बाजूने दोन पुरावे द्या आणि विरुद्ध बाजूचा एक मुद्दा सांगून त्याला उत्तर द्या. (सुमारे १०० शब्द)’. धडा तोच, माहितीही तीच. पण आता मुलाला ती माहिती हाताळावी लागते. डलहौसीनं १८४८ मध्ये दत्तक वारस नामंजूर करून सातारा खालसा केला, अयोध्येचं राज्य १८५६ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन घेतलं. बंगालच्या फौजेतले कितीतरी शिपाई त्याच अयोध्या भागातले होते. हे तीन धागे ज्याला जोडता आले, त्याला धडा समजला.

प्रश्नात काय अपेक्षित आहे ते असं उघड सांगायला कचरू नकोस. नुसतं ‘चर्चा करा’ किंवा ‘माहिती लिहा’ म्हटलं की हुशार मुलगा बरोबर अंदाज बांधतो आणि साधा मुलगा आठवेल ते सगळं ओततो. मग आपण इतिहास मोजतोय की अंदाज बांधायची हुशारी, हेच कळत नाही.

गुणदानाची योजना पेपर छपाईला जाण्याआधी लिही. वरच्या प्रश्नाला पाच गुण असतील तर मी ते असे वाटीन: स्पष्ट भूमिकेला एक, दोन पुराव्यांना दोन, पुरावा भूमिकेशी नेमका कसा जुळतो हे सांगण्याला एक आणि विरुद्ध मुद्द्याच्या उत्तराला एक. ‘सहमत’ आणि ‘असहमत’ दोघांनाही पाचपैकी पाच मिळायला हवेत. तुझं स्वतःचं मत काय आहे, याचा वास योजनेला लागता कामा नये. गठ्ठा हाती आला की आधी पाच-सहा पेपर नुसते वाच, गुण देऊ नकोस. कधी कधी मुलं आपल्याला न सुचलेला रास्त मुद्दा मांडतात. साताऱ्याकडच्या एका मुलीनं माझ्या वर्गात थेट रंगो बापूजींचं नाव लिहिलं होतं. राज्यासाठी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागणारा माणूस हात हलवत परत येतो, मग लोकांचा अर्जविनंत्यांवरचा विश्वास उडणारच, असा तिचा मुद्दा होता. चार ओळींचं उत्तर, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं. तिला पूर्ण गुण होते. अशा उत्तराला योजनेत जागा करायची ती सुरुवातीलाच, अर्धा गठ्ठा झाल्यावर नाही.

आता तपासणं. हा भाग सगळ्यात नाजूक, म्हणून नीट ऐक. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. शंभरपैकी कुणी तीसच्या आत गुण दिले, तर कुणी नव्वदच्या वर. हा पेपर भूमितीचा होता, जिथे उत्तर चूक की बरोबर हे ठरलेलं असतं असं आपण समजतो. मग इतिहासाच्या उत्तराचं काय होत असेल?

म्हणून एका वेळी एकच प्रश्न तपास. सगळ्या वर्गाचा तिसरा प्रश्न संपव, गठ्ठा वरखाली कर, मग चौथा घे. पहिलं उत्तर सुरेख असलं की त्याच मुलाच्या पुढच्या उत्तराकडे आपण आपोआप मायेनं बघतो. सुरेख उत्तरानंतर आलेलं बेताचं उत्तर असतं त्याहून वाईट दिसतं. क्रम बदलत राहिला की हा अन्याय एकाच मुलाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येत नाही. नावाचं पान दुमडून ठेव. अक्षर ओळखू येतंच, तरी दुमड. रात्री जेवणानंतर डोळे मिटायला लागले की पेन खाली ठेवायचं, आणि सकाळी पुन्हा बसलीस की रात्रीची शेवटची दोन-तीन उत्तरं परत वाचून मगच पुढे जायचं.

शुद्धलेखनाचे गुण इतिहासात कापायचे की नाही, हे आधी ठरव आणि वर्गाला सांग. माझं मत विचारशील तर कापू नयेत. चूक अधोरेखित कर, दुरुस्त कर, गुण मुद्द्याला दे. तुझ्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत. त्यांच्या उत्तरात घरचा शब्द आला म्हणून त्यांना १८५७ कळला नाही, असं होत नाही. भाषेचे गुण मराठीच्या पेपरात मोजले जातातच. पुरवण्या मोजूनही गुण देऊ नकोस. मुलांना ही खोड फार लवकर लागते.

‘कोणतेही दोन सोडवा’ हा पर्याय बोर्डाच्या पेपरात असतो, चाचणीत टाळ. एकानं सोपे दोन निवडले आणि दुसऱ्यानं अवघड, तर दोघांनी वेगवेगळे पेपर दिले, मग त्यांची तुलना कशी करणार? दहा गुणांचा एकच मोठा प्रश्न काढण्यापेक्षा पाच-पाचचे दोन बरे, म्हणजे एका धड्यावर सगळी परीक्षा तोलली जात नाही.

आणि परीक्षेच्या आधी एक तास याच कामाला दे. एक सराव प्रश्न फळ्यावर लिही, त्याची दोन उत्तरं वाचून दाखव, एक भरघोस पण पाठ केलेलं, एक छोटं पण मुद्देसूद. कोणतं चांगलं आणि का, हे मुलांना ठरवू दे. लिहायची रीत शिकवलीच नाही आणि गुण मात्र तिचेच मोजले, हे योग्य नाही.

तपासून झाल्यावर ‘छान’, ‘प्रयत्न कर’ असले शेरे मारत बसू नकोस. प्रत्येक पेपरावर एकच ओळ, पण त्या मुलाच्या उत्तराला धरून: ‘दुसरा पुरावा बरोबर आहे, तो तुझी बाजू कशी सिद्ध करतो ते लिहायचं राहिलं.’ साठ मुलांच्या वर्गात एवढं लिहायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तो काढ. आणि पेपर आठ दिवसांच्या आत वर्गात परत दे, कारण महिन्यानं मिळालेल्या पेपरावरचे गुण बघून मुलं तो दप्तरात कोंबतात आणि शेरा कुणीच वाचत नाही.