कँडी : एका शब्दाचे माहेर

जत्रेत काडीवरची रंगीत कँडी चोखणाऱ्या मुलास हा शब्द कोणत्या भाषेतला असे विचारले, तर तो तत्काळ 'इंग्रजी' असे सांगेल. उत्तर चूक नाही. पण अपुरे आहे. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. जुन्या फ्रेंच भाषेत खडीसाखरेला 'सुक्र कांदी' म्हणत. त्याचे इंग्रजीत 'शुगर कँडी' झाले, आणि पुढे 'शुगर' गळून एकटी 'कँडी' उरली. अमेरिकेत तर बहुतेक सर्व गोड गोळ्या-वड्यांना आज तेच नाव आहे.

परंतु फ्रेंचांचाही हा शब्द स्वतःचा नव्हे. त्यांनी 'कांदी'वरून साखरेचे स्फटिक होणे या अर्थी 'कांदीर' असे क्रियापदसुद्धा घडविले; इतका तो त्यांच्या भाषेत मुरला! मूळ पाहू गेल्यास अरबी 'कंदी', म्हणजे कंदाचे केलेले, आणि कंद म्हणजे साखर. अरबांस हा 'कंद' इराणातून मिळाला, आणि इराणास भारतातून. संस्कृत 'खंड' म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून त्याचे खडे पाडण्याची विद्या भारतीयांस फार प्राचीन काळी साधली होती. ते खडे व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेस गेले, तसे त्यांचे नावही गेले. आपला महाप्राण 'ख' फारशीत नाही. तेथला 'ख' घशातून घासत निघतो. म्हणून 'खंड'चा 'कंद' झाला.

गंमत अशी, की 'सुक्र' हा शब्दही मूळचा येथलाच. वाळूचा खडा या अर्थाची 'शर्करा' इराण, अरबस्तान व इटली या मार्गाने फ्रान्सात पोहोचली. म्हणजे फ्रेंच मनुष्य 'सुक्र कांदी' म्हणतो, तेव्हा नकळत दोन संस्कृत शब्द उच्चारतो. इकडे उत्तर हिंदुस्थानात मात्र साखरेस 'चिनी' आणि खडीसाखरेस 'मिस्री' म्हणतात. एका नावात चीन आहे, दुसऱ्यात मिसर देश!

मराठीत 'खंड'चे 'खांड' झाले. तो घरीच राहिलेला भाऊ. 'कँडी' सातासमुद्रांपलीकडून परतली. तिसरा भाऊ फारशीच्या वाटेने आला, आणि तो पुष्कळांच्या घरी बरणीत असतो. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर : गुलकंद. सुरणाचा कंद निराळा. त्याचे याच्याशी काही नाते नाही.