खोटी साक्ष आणि खरी अवस्था

यंत्राच्या अंतरंगात काय चालले आहे हे संवेदकांच्या, म्हणजेच सेन्सरांच्या, मोजमापांवरून अनुमानाने ठरवावे लागते. 1960 साली रुडॉल्फ कालमान यांनी यासाठी प्रसिद्ध केलेली पद्धत मोजमापांतील चुका यादृच्छिक असतात, असे गृहीत धरते. परंतु चूक हेतुपुरस्सर घडवलेली असेल तर? 2010 साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने इराणमधील नतान्झ येथील अपकेंद्री यंत्रांचा वेग बदलला आणि पूर्वी नोंदवून ठेवलेली निर्दोष मोजमापेच पुन्हा पुढे केली. यंत्रे बिघडत होती. पडद्यावर मात्र सारे आलबेल होते.

पाण्याच्या एका उघड्या टाकीचे उदाहरण घेऊ. एक संवेदक पाण्याची खोली मोजतो, दुसरा तळाचा दाब, तर तिसरा तळाजवळच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या धारेचा वेग. पहिल्या दोघांवरून खोली 5 मीटर ठरते. धारेचा वेग मात्र सेकंदाला 14 मीटर दाखवला जातो. टॉरिचेल्लीच्या नियमानुसार त्यासाठी खोली 10 मीटर हवी. एकच संवेदक फितूर असू शकतो, असे ठाऊक असेल, तर खोटी साक्ष तिसऱ्याचीच. संवेदक दोनच असते, तर हा निवाडा अशक्य होता.

यातून सर्वसाधारण नियम निघतो. एक संवेदक फितूर होण्याची शक्यता असेल, तर कोणतेही दोन वगळल्यावरही उरलेल्यांवरून अवस्था निश्चित झाली पाहिजे. तसे नसेल, तर वगळलेल्यांपैकी एक एका अवस्थेची साक्ष देईल, दुसरा दुसरीची, आणि उरलेले दोन्हींशी जुळतील. फितुरांची संख्या वाढली, की त्यांच्या दुप्पट संवेदक वगळून ही कसोटी लावावी लागते.

वेग खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. अशा संबंधांना अरेषीय म्हणतात. त्यांत आणखी एक अडचण असते. लंबकाच्या गोळ्याची उंची कळली, तरी तो डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळत नाही. म्हणून संवेदक किती आहेत, एवढेच पाहून भागत नाही; ते काय सांगू शकतात, हेही तपासावे लागते. शिवाय 20 संवेदकांतून 5 संशयित निवडण्याचे 15,504 प्रकार होतात. प्रत्येक प्रकार तपासण्यात वेळ गेला, तर उत्तर मिळेपर्यंत अपघात घडून गेलेला असेल. म्हणून परस्परविरोधी साक्षी लवकर हेरून संशयितांची यादी आखूड करणाऱ्या रीतींना या शास्त्रात विशेष महत्त्व आहे.